घाटात बंद, गॅरेजात चालू: गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचं काय करायचं

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. सकाळी पुण्यातून निघालो, गाडी झकास. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ, कुठे काही नाही. खंबाटकीला लागलो, दोन-तीन वळणं चढलो आणि आचके द्यायला लागली. मग बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण धरत नाही. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास उभे राहिलो, बाटलीभर पाणी मारलं, आणि एका झटक्यात सुरू! पुढे वाईहून पाचगणीला चढताना पसरणीत पुन्हा तोच तमाशा. घरी आल्यावर गाडी गॅरेजला टाकली. फिटरने दोन दिवस ठेवली, प्लग-पॉइंट बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला आणि म्हणाला, "काही नाही साहेब, मस्त चालतेय." पुढच्या सुट्टीत पुन्हा घाट, पुन्हा तेच.

यात फिटर खोटं बोलत नसतो. दोष गरम इंजिनात असतो आणि त्याच्यापर्यंत गाडी थंड पोचते. थंड गाडीत शोधण्यासारखं काही उरलेलंच नसतं, मग तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि बिल तुम्ही भरत जाता. हा दोष पकडायची खरी जागा रस्त्याची कड आहे आणि वेळ आहे बंद पडल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं. नेमकी तीच मिनिटं आपण सगळ्यावर पाणी ओतण्यात घालवतो. गाडी सुरू होते, पण कशामुळे बंद पडली होती ते कळत नाही ते नाहीच.

हे सगळं पॉइंट-कंडेन्सरवाल्या (पॉइंट म्हणजे कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, कंडेन्सर म्हणजे त्या स्विचवरची ठिणगी आवरणारी छोटी डबी), कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी: फियाट ११०० डी, पद्मिनी, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि त्यांची भावंडं. जुन्या मारुतीलाही यातला पेट्रोलचा भाग लागू पडतो.

आधी जीव, मग गाडी

गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्या, आणि वळणात तर अजिबात थांबवू नका. थोडा वेग शिल्लक असतानाच जागा हेरा. हँडब्रेक, चाकामागे दगड, पन्नास-साठ पावलं मागे त्रिकोण. मंडळींना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे उभं करा. खंबाटकीचा चढ साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी एकेरी आहे, पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून येते. त्यामुळे समोरून धोका नसला तरी मागून मालट्रक शर्यत लावल्यासारखे चढत असतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतीची लाइन आहे, जिवावरचं काही असेल तर ११२. आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. आपली गाडी चालू झाल्याच्या आनंदात दगड रस्त्यात सोडून जाणाऱ्यांना रात्रीच्या मोटारसायकलवाल्यांचे शिव्याशाप लागतात, आणि ते लागायलाच हवेत.

मग चावी ऑफ करा. हे लहानसं वाटतं, पण महत्त्वाचं आहे. इंजिन थांबताना पॉइंट चिकटलेले राहिले असतील आणि चावी ऑन असेल, तर कॉईलमधून, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीएवढा दाब तयार करणाऱ्या डब्यातून, सतत करंट वाहत राहतो. बारा व्होल्टची साधी कॉईल असेल तर तिचा आतला रेझिस्टन्स साधारण तीन ओहम, म्हणजे चार अँपिअर. जवळजवळ पन्नास वॉटची शेगडी झाली ती. गाडी बंद, पण रेडिओ चालू राहावा म्हणून चावी ऑन, असं करून भल्याभल्यांनी चांगली कॉईल जाळली आहे.

करंट की पेट्रोल?

प्रश्न एवढाच आहे आणि त्याचं उत्तर इंजिन गरम असतानाच मिळवायचं. आधी करंट बघायचा, मग पेट्रोल. क्रम उलटा केलात तर पेट्रोलचा पाइप उघडा, आजूबाजूला वाफ आणि त्यात तुम्ही ठिणगी पाडताय, अशी अवस्था होईल.

डिस्ट्रिब्युटरच्या (हा ठिणगीचा करंट एकेका प्लगला वाटून देतो) टोपीवर मधोमध जी जाड वायर येते, कॉईलकडून आलेली, ती टोपीतून उपसा. टोक इंजिनच्या मोकळ्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरा. हाताने नको, रबरी मुठीच्या पकडीने. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाडसर, 'टक-टक' आवाज करणारी ठिणगी आली तर कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर आत्ता तरी ठीक आहेत. पिवळट, बारीक, मध्येच गळणारी आली तर नाहीत. आलीच नाही तर पेट्रोलचा विषय तिथेच संपला, कार्बोरेटरला हात लावू नका. वायरवर ठिणगी चांगली असेल तर एक जादा प्लग कोणत्याही एका प्लगच्या वायरला लावून ब्लॉकवर टेकवून बघा. मधल्या वायरवर आहे आणि प्लगवर नाही, म्हणजे टोपी किंवा टोपीखाली फिरणारा रोटर.

ठिणगी नसेल तर पुढचं काम टेस्ट लॅम्प करतो. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा. पन्नास रुपयांत घरी बनतो आणि माझ्या मते महागड्या मीटरपेक्षा रस्त्यावर जास्त उपयोगी पडतो. एक क्लिप बॉडीला, चावी ऑन. कॉईलच्या ज्या टोकाला चावीकडून वायर येते तिथे बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा ढिली वायर. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट कॉईलला दिली की गाडी घरी येते. (मग बंद करायला चावी चालणार नाही, ती वायरच काढावी लागेल, हे सोबतच्यांना सांगून ठेवा.) आता कॉईलच्या दुसऱ्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते तिथे बल्ब लावा आणि सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत, संशय कॉईल किंवा कंडेन्सरवर. सतत पेटलेला राहिला तर पॉइंटमधून करंट बॉडीला पोचत नाही: पॉइंट काळे पडलेत, मिटतच नाहीत किंवा आतली वायर तुटली आहे. पहिल्या टोकाला पेटतो आणि इथे सतत विझलेला, तर पॉइंट उघडतच नाहीत, कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे किंवा कॉईल आतून तुटली.

ठिणगी उत्तम असेल तर पेट्रोल. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. धार नाही, तर बाउल कोरडा. आणि दांडी न ओढताच आत थेंब गळतोय, वास येतोय, तर उलटा प्रकार: पेट्रोल जास्त झालंय. सिगारेट ओढत सल्ले देणारे काका घाटात हमखास भेटतात, त्यांना नम्रपणे दहा पावलं लांब उभं करा. आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताशी ठेवूनच हे काम करायचं.

ओलं फडकं, पण एका वेळी एकाच ठिकाणी

पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय जुना आहे आणि चांगला आहे. मात्र आपण फडकं पंपावर टाकतो, उरलेलं पाणी कॉईलवर ओततो, वर अर्धा तास थांबतो. मग गाडी सुरू होते ती नेमकी कशाने?

ठिणगी गेली असेल तर फडकं फक्त कॉईलवर गुंडाळा. जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नका. पाच मिनिटांनी पुन्हा ठिणगी बघा. परत आली तर कॉईल गेली, बोलणंच संपलं. आतलं बारीक तारेचं वेटोळं गरम झाल्यावर फुटकं वागतं आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखं. अशी कॉईल दुरुस्त होत नाही, बदलायची. बदलताना जुनीवर आणि गाडीच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलचा करंट आवरणारा जादा रेझिस्टन्स) आहे का ते बघा. बॅलास्टसाठी बनवलेली दीड ओहमची कॉईल थेट बारा व्होल्टवर लावली तर तीही तापून मरते आणि पॉइंटही जाळते. 'नवीन कॉईल टाकली तरी तेच' या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं.

ठिणगी आहे आणि बाउल कोरडा आहे, तर फडकं फक्त पेट्रोल पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपवर. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी सांडू नका, बीड तडकतं. पंपाला हाताने मारायची दांडी असेल तर ती मारा. फडकं टाकल्यावर पाचेक मिनिटांत बाउल भरला तर व्हेपर लॉक: पाइपात पेट्रोलची वाफ झाली होती आणि पंप वाफ ओढत बसला होता. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. त्यात पंप इंजिनवर आणि टाकी मागे, म्हणजे पंप संपूर्ण लांबी पेट्रोल ओढून आणतो. ओढीमुळे पाइपातला दाब कमी होतो आणि कमी दाबाला पेट्रोल आणखी लवकर उकळतं. चढावर गाडी सावकाश, इंजिन जोरात, पंख्याची हवा तोकडी. सगळं जुळून येतं.

यावर कायमचे उपाय आहेत. पाइप एक्झॉस्टपासून लांब न्यायचा, मध्ये पत्र्याची आड घालायची, पंपाखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा आहे ना ते बघायचं, कारण कुणीतरी कधीतरी तो काढून फेकलेला असतो. तरीही थांबत नसेल तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. कार्बोरेटरला साधारण तीन पीएसआयपेक्षा जास्त दाब झेपत नाही, इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवलात तर तो बाउलची सुई उचलून पेट्रोल रस्त्यावर सांडेल. आणि इंजिन बंद झालं की पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी हवीच, नाहीतर अपघातात तो पेट्रोल ओततच राहील. पाइपवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावणारेही आहेत. लावा, शोभा वाढते.

तिसरा प्रकार घाट चढून वर चहाला थांबल्यावर होतो. गाडी स्वतःहून बंद पडलेली नसते, तुम्हीच बंद करता. दहा मिनिटांनी सुरू होत नाही. इंजिन थांबल्यावर पंखाही थांबतो, इंजिनची धग कार्बोरेटरला लागते, बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. यात ॲक्सिलरेटर पंपासारखा मारत राहिलात तर आणखी ओलं होईल. पाय तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा, चोक बंद. थोडी खोकून धरेल.

सोंग आणणारे

व्हेपर लॉकच्या नावावर खपणारे दोन दोष घाटात सर्रास भेटतात. दोन्हीमध्ये 'थांबलो आणि सुरू झाली' असंच घडतं, पण त्यात गरमीचा काही संबंध नसतो.

एक, टाकीची हवा जायची वाट बुजणे. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. झाकणाचं किंवा व्हेंट पाइपचं भोक मातीने बुजलं की आत ओढ तयार होते आणि पंप हरतो. थांबल्यावर हळूहळू हवा शिरते, गाडी सुरू. बंद पडल्या पडल्या झाकण उघडून कान द्या, 'फुस्स' करून हवा आत गेली तर निदान झालं. झाकण पाऊण आटा ढिलं ठेवा, टाकी काठोकाठ भरू नका, आणि घरी या. कुठलंही साधं झाकण बाजारातून आणून बसवलं असेल तर त्याला भोक आहे का ते आधी बघायला हवं होतं, एवढंच.

दोन, टाकीतला गंज. वर्षानुवर्षं अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी आतून सुटत असते. इंजिन पेट्रोल जोरात मागतं तेव्हा गाळ ओढला जाऊन तोंडाशी बसतो, ओढ थांबली की खाली पडतो. सपाटीला त्रास नाही, चढाला त्रास. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर टाका आणि घाटात बंद पडल्यावर त्यात बघा: भुऱ्या रंगाची पूड दिसली की फडकं बाजूला ठेवा. टाकी काढून धुवावी लागणार.

या दुसऱ्या दोषाला अलीकडे इथेनॉलचा हातभार आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येत गेलं आणि आता तेच सर्वसाधारण झालंय. इथेनॉल जुन्या टाकीतला डिंक आणि थर सोडवतं, ते सगळं फिल्टरमध्ये येऊन बसतं. पाणी धरतं, त्यामुळे दोन-तीन महिने झाकून ठेवलेल्या गाडीत गंज वाढतो. जुन्या रबराच्या नळ्या मऊ पडून आतून सोलतात, पंपाचा डायफ्रामही. डायफ्राम फाटला की पेट्रोल गळून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून घाटाआधी डिपस्टिक काढा तेव्हा ऑइलची पातळी बघण्याबरोबर वासही घ्या. पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, तर गाडी तिथेच थांबवायची. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नळ्या आणि डायफ्राम हल्ली मिळतात, थोडे जास्त पैसे पडतात.

तार तुटलेली, पण तुटलेली नाही

या सगळ्यात फसवा निघाला तो आमच्या कंपूतल्या एका अँबेसेडरचा दोष. अख्खा उन्हाळा ती 'व्हेपर लॉक'वर होती. पंप नवा, पाइप नवा, पत्र्याची आड घातलेली, आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला की बंद. शिरवळला रस्त्याकडेच्या टपरीवजा गॅरेजातल्या मामांनी सगळी कहाणी ऐकूनही घेतली नाही.

"पेट्रोल-पेट्रोल काय करताय? करंट हाय का बघितला का आधी?"

बघितला नव्हता. त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा उडवल्या, टोपी बाजूला केली, रोटर काढला आणि करंगळीने आतली प्लेट मागेपुढे सरकवली. प्लेटबरोबर पॉइंटकडे जाणारी एक बोटभर काळी वायर वाकत होती. वरून कोरी करकरीत. मामांनी तिचं टोक चिमटीत धरून ओढलं तर रबर ताणलं गेलं, चुइंगगमसारखं. आत तांब्याचे दोन-तीनच पदर उरले होते, बाकीचे तुटून आतल्या आत गेलेले. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी सोय) असतो त्यात पाय दाबला-सोडला की प्लेट सरकते आणि ही वायर दर वेळी वाकते. सपाटीला प्लेट एका जागी असते तेव्हा ते पदर टेकतात, घाटात प्लेट सरकली की सुटतात. मामांनी जुन्या चार्जरच्या केबलमधली बारीक पदरांची वायर काढली, तेवढाच तुकडा कापला, जोडला. "पुण्याला पोचाल. तिथं गेल्यावर चांगली टाका. जाड वायर टाकू नका, ती परत तुटंल." पैसे घेतले ते चहापुरते.

म्हणून टोपी उघडलीच आहे तर ही वायर, आणि प्लेटपासून बॉडीला जाणारी अर्थची तसलीच वायर, दोन्ही ओढून बघा. नजरेवर विश्वास नको.

तिथेच पॉइंटही बघून घ्या. हँडलने इंजिन हळू फिरवा (हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा जातो) आणि पॉइंट पूर्ण उघडलेले असताना अंतर मोजा. नेमका आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असेल. फिलर गेज नसेल तर दाढीच्या चार ब्लेडची थप्पी: एक ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर. प्लगच्या गॅपला करवतीचं पातं, ते साधारण ०.६५. पॉइंटची फायबरची टाच झिजली की अंतर कमी होत जातं, ठिणगी उशिरा पडते, इंजिनची ताकद जाते आणि वर ते तापतं. 'रेडिएटर साफ केला तरी घाटात गरम होते' या तक्रारीची सुरुवात कधी कधी या दोन टिकल्यांत असते. पॉइंट उघडताना त्यांच्यात भरपूर निळी ठिणगी दिसत असेल आणि सायलेन्सरमधून फटाके फुटत असतील तर कंडेन्सर.

कंडेन्सरबद्दल एक गाऱ्हाणं. हल्ली डबीबंद नवे मिळतात त्यांचा भरवसा राहिलेला नाही. एका दुकानातून घेतलेला कोरा कंडेन्सर मी बसवला, तो कात्रजसुद्धा ओलांडू शकला नाही. तेव्हापासून माझ्या डिकीत नवा कंडेन्सर नसतो, जुना असतो: बसवून, काही आठवडे चालवून, चालतोय हे बघून मग काढून ठेवलेला. कॉईलचंही तसंच. न वापरलेला स्पेअर हा स्पेअर नसतो.

काटा लालकडे गेला तर

ही वेगळी तक्रार, पण घाटात जोडीनेच येते. फॅन बेल्ट शाबूत असेल आणि पाणी गळत नसेल तर गाडी कडेला घेऊन लगेच बंद करू नका, जरा जास्त आरपीएमवर चालू ठेवा. पंखा आणि वॉटर पंप काम करत राहतात. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी उडत असेल तर लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटर उंच आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग धड असेल तरच आतला दाब टिकून पाणी उशिरा उकळतं. त्यामुळे वरच्या घाटात वारंवार पाणी उकळत असेल तर रेडिएटर कोअरवर खर्च करण्याआधी झाकण बदलून बघा.

पावसाळ्यात ताम्हिणी-वरंधला बंद पडली तर हे सगळं विसरा, आधी टोपी उघडून आतून-बाहेरून आणि जाड वायरी कोरड्या फडक्याने पुसा. टोपीत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा आहे आणि करंट तिथूनच पळतोय. ताम्हिणीत मोबाइलला रेंज नसते असे लांबलचक पट्टे आहेत, म्हणून तिकडे जाताना जादा टोपी नाही असं करू नका.

डिकीत काय

चाललेली कॉईल, चाललेला कंडेन्सर, पॉइंटचा सेट, रोटर, टोपी, दोन प्लग, फॅन बेल्ट, पेट्रोलची नळी हातभर आणि तिचे क्लॅम्प, पारदर्शक फिल्टर, टेस्ट लॅम्प, दोन मीटर वायर, पॉलिश पेपर, पकड-पाने-स्क्रू ड्रायव्हर, पाच लिटर पाणी, सुती फडकी, आग विझवायचा सिलिंडर. हे सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आणि एका कॅनमध्ये मावतं. पुण्यात पॉइंट-रोटरसाठी नाना पेठेतली स्पेअरची दुकानं पालथी घालावी लागतात, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जुन्या बाजारातून टोपी घेताना उन्हात धरून तडा बघा, भाव नंतर करा.

एक शिस्त पाळा: रस्त्यावर एका वेळी एकच भाग बदला आणि बदलून लगेच सुरू करून बघा. कॉईल आणि कंडेन्सर दोन्ही एकदम बदलून गाडी सुरू झाली तर चांगला कुठला आणि वाईट कुठला हे कळत नाही आणि दोन्ही परत डब्यात जातात. काढलेल्या वाईट भागावर तिथल्या तिथे मार्करने फुली मारा.

टोच्यानचीच वेळ आली तर फ्लॅटबेड मागवा. मागचं-पुढचं चाक उचलून ओढणाऱ्या क्रेनचे हूक जुन्या बंपरला लावतात आणि बंपर हातात येतो. गाडी वर चढवल्यावर पट्टे चाकांना किंवा ॲक्सलला, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना नाही. तुम्ही स्वतः उभे राहून बघा, ड्रायव्हरदादा घाईत असतात.

पुण्यात आल्यावर

गॅरेजला गाडी देताना 'घाटात बंद पडते' एवढं सांगू नका. चार गोष्टी लिहून द्या: बंद पडली तेव्हा ठिणगी होती का, बाउलमध्ये पेट्रोल होतं का, फडकं कशावर टाकल्यावर सुरू झाली, आणि आचके देत बंद झाली की दिवा विझल्यासारखी एकदम. आचके देत, जोर कमी होत गेली तर बहुधा पेट्रोल. चावी फिरवल्यासारखी एकदम गेली तर बहुधा करंट. बहुधा म्हणतोय, कंडेन्सर या नियमाला मानत नाही.

आणि जमलं तर फिटरला शेजारी बसवून गाडी चढावर न्या. जुना कात्रज घाट किंवा हडपसरकडून सासवडला जाणारा दिवे घाट, दुपारी दीड-दोनच्या उन्हात, गाडीत चार माणसं, एअर क्लीनर जागेवर, बॉनेट बंद. सकाळी सातला रिकामी गाडी फिरवून आणली तर ती बंद पडणारच नाही. फिटरच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या, तो खर्च दोन वेळा उगाच बदललेल्या कार्बोरेटर किटपेक्षा कमीच होतो. पहिल्या चढात बंद पडली नाही तर वर दहा मिनिटं इंजिन बंद करून उभे राहा, मग लगेच सुरू करून खाली या आणि पुन्हा चढा. टेस्ट लॅम्प आधीच कॉईलला जोडून, लांब वायरीने आत डॅशबोर्डवर आणून ठेवा. गाडीने मान टाकली त्या क्षणी बल्ब लुकलुकत होता की नाही, हे फिटरला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.